ट्रेलरशी घातलेलं भांडण
आज ट्रंकेतली इरकल उन्हात टाकली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी दहा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. नवी नवरी असताना खास बायकांसाठी लागणाऱ्या खेळाला जाऊन मी सात वेळा पाहिलेल्या सिनेमाचा दुसरा भाग येणार होता, आणि त्याचा ट्रेलर कोल्हापुरातल्या थेटरात दाखवणार होते. नात तो सिनेमा काढणाऱ्या कंपनीत नुकती कामाला लागलेली. पहिल्या रांगेतली खुर्ची तिनंच मिळवून दिली. हीच इरकल नेसून, तोंडाला पावडर थापून मी अशी बसले होते, जणू नायिका मीच! ट्रेलर सुरू झाला. पहिल्या भागात इनामदाराला चाबकानं हाकलणारी आमची बाई आता म्हातारी होऊन त्याच्याच नातवापुढं पदर पसरून रडत होती. बायकांच्या खेळाला पडद्याशी भांडायची आमची जुनी खोड, मी उठून ओरडले, "अगं ऊठ की! कुणापुढं रडतीयास?" मागून टाळ्या पडल्या. नात कानाशी कुजबुजली, "आज्जी, बस गं, माझी नोकरी जाईल." तेवढ्यात ट्रेलर संपला आणि कार्यक्रमाच्या निवेदकानं हसत माइक पुढं केला, "आजी, कसं वाटलं?" शहाणी बाई 'छान' म्हणाली असती. मी म्हटलं, "पावणं, बाई म्हातारी झाली म्हणून भित्री हुईत न्हाय." दुसऱ्या दिवशी साहेबानं 'कोण ती म्हातारी?' विचारलं, तर पोरीनं ताठ सांगितलं, "माझी आज्जी हाय, आणि तिचं बरोबर हाय." नोकरी गेलीच. पुढं तिला चांगली नोकरी लागली, म्हणून मी आज एवढ्या तोऱ्यात लिहितेय. पण लागली नसती, तरी त्या माइकवरचा एक शब्द मी मागं घेतला नसता.