कुशाबाईंची कळ

समजा, तुमचा एक हात दुखऱ्या गुडघ्यावर आहे, दुसऱ्या हातात फोन आहे आणि फोनमधली बाई गोड आवाजात सांगते, "डॉक्टरांशी बोलण्यासाठी एकची कळ दाबा." तुम्ही काय दाबाल?

कुरुळीच्या कुशाबाईंनी गुडघा दाबला.

तशा त्या फोनला बुजणाऱ्या नव्हत्या. पण बटणाला त्या जन्मभर बटणच म्हणत आल्या. कळ म्हणजे गुडघ्यातून निघून टाचेपर्यंत जाते ती. ती त्यांनी दात आवळून दाबली. जरा वेळाने बाई म्हणाली, "आपण कोणतीही कळ दाबलेली नाही."

"अगं, दिवाळीपासनं तेच करतीया!" कुशाबाई कडाडल्या. "तू येणार हाएस का दाबाया?"

बाईने आभार मानून फोन ठेवला.

कुशाबाईंना आज डॉक्टर हवाच होता. मुलगा बाळू रविवारी म्हशीला गिऱ्हाईक आणणार होता. "आई, तुला बसवत न्हाई की उठवत न्हाई. धार काढायची कुणी? मी शिफ्ट सोडून काढू?" असं त्याचं म्हणणं. म्हैस तर कुशाबाईंशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. बाळूला तिने एकदा कंपनीच्या युनिफॉर्मसकट शेणात बसवलं होतं. गुडघा बरा होईल, एवढं डॉक्टरांनी म्हणावं, की गिऱ्हाईक आल्या पावली परत.

सून पुनम कंपनीतून आली. सगळं ऐकून ती उंबऱ्यातच हसत बसली. "अवो आत्या, कळ म्हंजे बटण!"

"मंग बटण म्हनाया तोंड दुखतं का तिचं?"

पुनमने नंबर फिरवून एकचं बटण दाबलं आणि व्हिडिओ कॉल जोडला. पडद्यावर तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, कळ नेमकी कुठे आहे? बोट ठेवून दाखवा बरं."

कुशाबाई आता शहाण्या झाल्या होत्या. पडद्यावरची सगळ्यात मोठी, लाल कळ हेरून त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाई गडप.

"आत्या!"

पुन्हा फोन लावला. या खेपेला पुनमने सासूचा हात धरूनच ठेवला. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवायला लावला, चार प्रश्न विचारले. "झीज वाटतेय. एक्स-रे काढून घ्या. व्यायामाने बराच आराम पडेल."

कुशाबाईंनी सुनेकडे विजयी नजर टाकली.

"फक्त उकिडवं बसायचं नाही."

कुशाबाईंनी फोन ओढून तोंडाजवळ घेतला. पडद्यावर आता त्यांचं नाकच तेवढं दिसत असणार.

"आवाज येतोय न्हवं, बाई? मंग उभ्यानं म्हशीची धार काढायची कशी?"