दफनभूमीतला ड्रायव्हिंग क्लास

अठरा वर्षं नागपुरात स्कूटी चालवलेल्या बाईला कोणी म्हटलं की तुला गाडी चालवता येत नाही, तर तिनं काय करावं? मी एरवी भांडलेच असते. पण म्हणणारी बाई सरकारी परीक्षक होती, तिच्या हातात कागदांचा पॅड होता आणि माझं लायसन्स तिच्या सहीवर अडलं होतं. म्हणून मी गप्प बसले. नवऱ्यानं मला असं गप्प बसलेलं पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

आमचं गाव मिडवेस्टात, मक्याच्या ऐन मधोमध. नवरा बियाण्यांच्या कंपनीत मक्यावर संशोधन करतो, म्हणून आम्ही इथे. धान्याची उंच कोठारं, एक गॅस स्टेशन, दोन चर्चं, एक छोटी लायब्ररी आणि चौकात लुकलुकणारा एकच लाल दिवा, झालं आमचं गाव. बस नाही, रिक्षा नाही. दूध गॅस स्टेशनवर मिळतं, भाजी अठरा मैलांवर, आणि कोथिंबीर हवी असेल तर देवाचं नाव घ्यायचं. कढीपत्ता, पोहे आणि गोडा मसाला यांच्यासाठी वर्षातून दोनदा शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूवर आमची स्वारी निघते. कॅरी शहरात राहणारी माझी धाकटी बहीण फोनवर विचारते, "ताई, तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय गं?" तिच्याकडे ढोलपथक आहे, तीन-तीन इंडियन ग्रोसरी आहेत, ती विचारणारच. "मका वाढताना बघतो," मी सांगते.

सहा वर्षं खरंच तेवढंच केलं. मग माझं वर्क परमिट आलं आणि शेजारच्या गावातल्या शाळेत गणितात कच्च्या मुलांना शिकवायची नोकरी मिळाली. एकच अट होती. ऑगस्टात शाळा उघडेल त्या दिवशी मी स्वतः गाडी चालवत यायला हवं. चौदा मैल जायचे, चौदा यायचे. नवरा उन्हाळाभर उजाडायच्या आत शेतांवर गेलेला असतो, मला सोडणार कोण? आणि मला ती नोकरी हवी होती. लाज न बाळगता सांगते, इतकी हवी होती की शाळेचं पत्र मी फ्रिजवर लावलं होतं आणि येता-जाता वाचत होते.

सुरुवातीला नवऱ्यानं शिकवलं. चार रविवार. चौथ्या रविवारी मी भर रस्त्यात गाडी थांबवून उतरले आणि मक्याच्या कडेकडेनं चालत घरी आले. तो मागून पाच मैलांच्या वेगानं गाडी आणत खिडकीतून "अगं, बस ना!" करत होता. गावानं ती मिरवणूक पाहिली.

मग पहिली परीक्षा. परीक्षक दर मंगळवारी तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत येतात. अंबाडा घट्ट बांधलेली बाई शेजारी बसली, मी झोकात गाडी काढली, वळण घेतलं, सगळं व्यवस्थित. पुढे एक म्हातारी वॉकर घेऊन फुटपाथच्या कडेला उभी होती. मी आपलं सवयीनं, हलकेच, "पीं" केलं. आपल्याकडे त्याचा अर्थ, मावशी, मी येतेय हं, सांभाळा. यात काय चुकलं? पण इथे माणसावर हॉर्न वाजवणं म्हणजे त्याच्या तोंडावर शिवी देणं. म्हातारी थबकली. पलीकडचा न्हावी दुकानाबाहेर आला. अंबाडेवाल्या बाईंनी पॅडवर फुली मारली आणि थंडपणे म्हणाल्या, "त्या माझ्या बालवाडीच्या बाई आहेत."

आम्ही घरी पोहोचायच्या आत बातमी गावात पोहोचली होती. आमची मुलगी शाळेतून आली ती दारातूनच ओरडत, "आई! यू हाँक्ड ॲट अ पर्सन?" गॅस स्टेशनवरच्या काउंटरवाल्या मुलीनं दुधाबरोबर मला एक चॉकलेट दिलं आणि माझा हात थोपटला. मेलं होतं का आमच्या घरात कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शेजारचे म्हातारे शेतकरी, हातात पिकअपची किल्ली. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, शेती पुतण्याला दिलेली, रोज सकाळी गॅस स्टेशनवर आपल्या वयाच्या चौघांबरोबर कॉफी प्यायची एवढाच त्यांचा उद्योग. मी त्यांना पहिल्यापासून काका म्हणते. काका म्हणजे काय ते एकदा समजावून सांगितलं, तेव्हापासून त्यांनी कॉफीच्या टेबलावर बाकीच्यांनाही तसंच म्हणायला लावलं आहे.

"चल," काका म्हणाले. "तुला अशा ठिकाणी शिकवतो, जिथे तू कोणालाही मारू शकणार नाहीस."

ते मला गावाबाहेरच्या दफनभूमीत घेऊन गेले. म्हणजे मीच चालवत नेलं, खाली दोन उशा घेऊन, कारण त्याशिवाय मला पिकअपच्या बॉनेटपलीकडचं जग दिसत नव्हतं. आत अरुंद, वळणावळणाचे रस्ते, दोन्ही बाजूंना दगड, आणि तक्रार करायला कोणी नाही. मागे घेणं, वळवणं, दोन थडग्यांच्या मधल्या जागेत पार्क करणं, सगळं मी तिथे शिकले. पहिल्या दिवशी भीतीच वाटली होती. तिसऱ्या दिवशी मी नावं वाचून "सॉरी हं, आजोबा" म्हणत होते.

काकांच्या शिकवण्याची एक तऱ्हा होती. "पाटी वाच," ते सारखे म्हणायचे. रस्त्यावर आलो की प्रत्येक पाटी मोठ्यांदा वाचायची. वेगमर्यादा, पुढे वळण, पुढे रेल्वे फाटक, अंडी मिळतील. समोरून काही आलं तर तेही सांगायचं: पांढरा ट्रक, लाल पिकअप, ट्रॅक्टर. मी सांगितलं की काका डॅशबोर्डवर ठेवलेल्या हाताचं एक बोट उचलायचे. इथली ही रीत आहे, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, मग तो ओळखीचा असो वा नसो. मला वाटलं, काय छान पद्धत आहे, यानं लक्ष रस्त्यावर राहतं. नवऱ्यालाही ऐकवलं, "बघ, शिकवणं याला म्हणतात."

दफनभूमीच्या कुंपणाला लागून, रस्त्याकडेच्या वळणावर एक करडा दगड होता. तिथून जाताना काका न सांगता बोट उचलायचे. दोन-तीनदा पाहिल्यावर मी विचारलं.

"बायको," ते म्हणाले. "नीट बघ पुढे. तिनंही एकदा अशीच गाडी कुंपणात घातली होती."

दुसऱ्या परीक्षेत मी हॉर्नला स्पर्शसुद्धा केला नाही. पण तिथल्या लुकलुकत्या लाल दिव्याच्या चौकात, जिथे सगळ्यांनी थांबून आळीपाळीनं निघायचं असतं, समोर एक शेतकरी आला. त्यानं हात केला, तू जा. मी हात केला, तुम्ही जा. त्यानं पुन्हा, मी पुन्हा. इथली माणसं सौजन्यानं जीव घेतात, आणि मी काय कमी आहे? शेवटी दोघंही एकदम निघालो. अंबाडेवाल्या बाईंनी डोळे मिटले. ते त्यांनी उघडले तेव्हा मी नापास झाले होते.

शाळा उघडायला तेरा दिवस उरले होते. त्या दिवशी मात्र मी पिकअपमध्येच रडले. म्हटलं, काका, पुरे झालं, मी शाळेला नाही म्हणून कळवते. काकांनी खिशातला रुमाल पुढे केला. मग म्हणाले, "ते तू करायचं नाहीस. मला तुझ्यापेक्षा जास्त घाई आहे." म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, मी काही मनावर घेतलं नाही. डोळे पुसले आणि दफनभूमीत दोन फेऱ्या जास्त मारल्या.

पुढच्या मंगळवारी पास झाले! अंबाडेवाल्या बाई चक्क हसल्या. मी घरी येऊन बदाम घालून शिरा केला आणि वाटी घेऊन काकांकडे धावले. काकांनी सगळा शिरा खाल्ला, वाटी चमच्यानं खरवडली आणि म्हणाले, "आता पुढच्या मंगळवारी माझा नंबर. लायसन्सचं नूतनीकरण आहे. सोडशील?" म्हटलं, हे काय विचारणं झालं? सोमवारपासून शाळा होती, पण मंगळवारी मी अर्धा तास आधी निघायची परवानगी काढली.

तिथे डोळे लावून बघायचं एक यंत्र असतं. काकांनी टोपी काढली, वाकले, कपाळ टेकवलं. "पहिली ओळ वाचा," अंबाडेवाल्या बाई म्हणाल्या. काका काहीच बोलले नाहीत. "मोठी ओळ वाचली तरी चालेल," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी कपाळ तसंच टेकवून ठेवलं. आणि मग त्यांनी मान किंचित वळवली, मी बाकावर बसले होते त्या बाजूला, आणि वाट पाहत राहिले.

मी पाटी वाचून दाखवीन, याची ते वाट पाहत होते.

पांढरा ट्रक, लाल पिकअप, पुढे वळण. आख्खा उन्हाळा आम्ही दोघं माझ्या एकटीच्या डोळ्यांवर फिरलो होतो, आणि मी बया शिकाऊ!

परतताना मी रेल्वे फाटकापाशी गाडी कडेला घेतली आणि तोंड सोडलं. "काका, काही वाटतं का जिवाला? तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही मला शिकवत होतात? मी कुठे घातली असती तर?"

"थोडं दिसतं," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं. गॅस स्टेशनचा रस्ता पायाला पाठ आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस का माझ्याबरोबर?" मग टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "पिकअपला ड्रायव्हर हवा होता. गावात बाकी सगळ्यांना आपापल्या गाड्या आहेत. तू एकटीच मोकळी होतीस."

मला राग आला होता, हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मागून आलेला ट्रॅक्टर बिचारा निमूटपणे थांबला होता, हॉर्न न वाजवता. मी खिडकीतून हात काढून त्याला जा म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही जा.

आता रोज सकाळी मी पिकअप घेऊन शाळेत जाते. आधी काकांना गॅस स्टेशनवर सोडते, येताना घेते. रस्ताभर मी पाट्या वाचते, त्यांनी सांगावं लागत नाही. समोरून कोण येतंय तेही सांगते, आणि आता मी ट्रकचा रंग सांगत नाही, माणूस सांगते: न्हावी, पुतण्या, बालवाडीच्या बाई कोणाच्या तरी शेजारी बसून. काका बोट उचलतात. बहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, इकडे ये आता, कॅरीत घरं बघू." म्हटलं, बघू.

या हिवाळ्यात काकांचं कडेकडेचंही कमी झालं. एका सकाळी दफनभूमीचं वळण मागे गेलं आणि त्यांचा हात मांडीवरच राहिला. बऱ्याच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "गेलं का ते?" मी हो म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्या करड्या दगडापाशी आलं की मी हॉर्न वाजवते. एकदाच, हलकेच, पीं. काका डॅशबोर्डवरचं बोट उचलतात.