कवितेच्या कडेला माउली
आलं किसायला घेतलं की मला अजून ती दुपार आठवते. युटा राज्यात येऊन दोनच महिने झाले होते, माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि नवरा अंधार पडल्यावर घरी यायचा. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या मॉर्मन पंथाच्या बाई ताजा ब्रेड घेऊन आल्या, तेव्हा मी हौसेनं आल्याचा चहा केला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही, हे मला कुठून ठाऊक असणार! त्यांनी कपावर नुसते हात शेकले, मग पिशवीतून पणजीची कवितांची वही काढली. "चर्चच्या इतिहासात पणजोबांवर अख्खं प्रकरण आहे, हिचं नुसतं नाव," त्या म्हणाल्या आणि एक कविता वाचू लागल्या. पंथाचे लोक पहिल्यांदा युटाकडे निघाले त्या बैलगाडीच्या प्रवासात वाटेतच पुरलेल्या लेकराबद्दल पणजी स्वर्गातल्या बापाला नाही, स्वर्गातल्या आईला जाब विचारत होती. "ती आहे असं आम्ही मानतो, पण प्रार्थनेत तिला हाक मारायची नसते," बाई हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे देव पुरुष असला तरी त्याला माउली म्हणतात. म्हणजे आई." "मोठ्यानं?" "हो, अगदी ओरडून." तो शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला, कवितेच्या कडेला पेन्सिलीनं लिहिला आणि गार झालेला चहा तसाच ठेवून त्या गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या राज्यात, हर्नडनला आलो. इथे मराठी मंडळ आहे, मुलं मला मॉम म्हणतात. पण आज किसणी धुताना लक्षात आलं, 'माउली' हा शब्द मी शेवटचा मोठ्यानं उच्चारला तो त्या बाईंसमोर.