फायनलच्या दिवशीचं श्रीखंड

बकुळाबाईंचे पूर्वज धारच्या दरबारात मुदपाकखाना सांभाळत. दरबार गेला, पण आग्रह करकरून वाढायची खोड घराण्यात राहिली. ती खोड घेऊन बकुळाबाई देवासच्या एका मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये बावीस वर्षं राबल्या. पहिला 'नको' त्यांच्या लेखी शिष्टाचार, दुसरा लाज. तिसरा ऐकू येईपर्यंत ताटात पुरी पडलेली असे.

यंदा कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा देवासला भरली. यजमान संघाची कॅप्टन मोना, बकुळाबाईंची आईवेगळी भाची, त्यांनीच लहानाची मोठी केलेली. फायनल केरळच्या मुलींशी, दुपारी चारला. आणि बाराला बकुळाबाईंनी हॉस्टेलातच उतरलेल्या त्या पाहुण्या पोरींना श्रीखंड-पुरी वाढली. बिचाऱ्यांना ना मराठी येत होतं, ना हिंदी. त्या हसून ताटावर हात आडवा धरत आणि बाई बोटांच्या फटीतून वाढत. त्यांची सर्वांत उंच खेळाडू भिंतीला टेकली, ती उठेचना.

मोना धावत आली. "आत्या, ये क्या किया? हम जीते तो लोग बोलेंगे, खिला-खिला के जीते."

आपल्या हातच्या अन्नावर कपटाचा आळ? बकुळाबाईंनी पातेलं उचललं आणि थेट यजमान मुलींसमोर नेऊन ठेवलं. "आता तुम्हीही बसा. जेवढं त्यांना, तेवढंच तुम्हाला."

कोचनी कपाळाला हात लावला. मुली मोनाकडे बघू लागल्या. या एका सामन्यासाठी ती तीन वर्षं पहाटे उठून धावली होती. तिनं आत्याकडे रागानं पाहिलं आणि मांडी घालून बसली. "वाढ."

इतकी निवांत फायनल देवासनं पाहिली नव्हती. दोन्ही संघ लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे चालत होते. "भिया, पान भी खिला दो इनको," प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं. शेवटच्या दहा सेकंदांत, यजमान संघ एका गुणानं मागे असताना, बॉल मोनाच्या हातात आला. समोर कुणी नव्हतं. तिनं उडी घेतली, पण पाय रोजच्याइतके उचललेच नाहीत. बॉल रिंगला लागून बाहेर पडला.

गळ्यात रौप्यपदक घालून मोना मेसमध्ये आली.

"माझ्यामुळे हरलीस," बकुळाबाई म्हणाल्या.

"हो, तुझ्यामुळेच." आणि आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती ढसाढसा रडली. बकुळाबाईही रडल्या. पोरीचं सोनं गेलं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. तरी खोटं बोलणं त्यांना जमेना.

"मोना, पुन्हा अशी वेळ आली तर मी हेच करीन."

"मालूम है," मोना नाक पुसत म्हणाली. "इसीलिए तो बैठी थी."