गुलतमामचं पालथं नाव

गुलतमाम म्हणजे ‘फुलं आता पुरे’. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने वैतागून ठेवलेलं नाव. इराणातल्या फिरुझाबादच्या आमच्या वस्तीत तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. तिने विणलेल्या गालिच्यांवर कुठकुठली माणसं चालली असतील, पण तिचं नाव एकावरही नाही.

म्हणून तेहरानचा चित्रकार पूयान नव्या धर्तीच्या गालिच्याचं चित्र घेऊन आला, तेव्हा मी आडवी आले. “कोपऱ्यात हिचं नाव विणायचं असेल तरच माग लागेल. प्रदर्शनात एकटाच मिरवशील होय?” भांडायला मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्याने निमूटपणे चित्रातच नाव लिहून दिलं.

चित्र म्हणजे नुसतं लाल रान आणि एक काळी वाकडी रेघ.

“एक शेळी तरी टाकते रे,” खाला म्हणाली. “एवढं कुरण फुकट चाललंय.”

“नको, खाला! तुझ्या जिवाची शपथ!”

पाच महिने ती अंगणातल्या मागावर ओणवी होती. गालिचा उतरला, पूयान आला आणि त्याचं तोंडच उतरलं. रेघ भलतीकडे वळलेली. नाव आरशातल्यासारखं उलटं.

“हे लोकांना कसं दाखवू? निदान नाव तरी उसवा.”

“उसवायला हात तर लाव!” मी कडाडले. मग तिच्याकडे वळले. “खाला, कागद धरला होतास तरी कसा?”

“कसा म्हणजे? पालथा. आईचा गालिचाही पालथा घालूनच शिकले. गाठी पाठीवर मोजतात, बाई, तोंडावर नाही. शाई दिसत होती की आरपार.”

आमच्या जुन्या नक्षीला डावं-उजवं सारखंच, त्यामुळे आजवर काही बिघडलं नव्हतं. अक्षरांशी तिची ओळखच नव्हती.

“म्हणजे माझं नावच चुकलं?” तिचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पूयानने गालिच्याचा कोपरा उलटला. पाठीवर काळ्या गाठींत अगदी सुलटं, स्वच्छ नाव होतं. मी मोठ्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पूयानलाही वाचायला लावलं.

“कोपरा दुमडूनच मांडतो,” तो म्हणाला.

“काही दुमडू नकोस,” खालाचा आवाज परत जागेवर आला होता. “गालिच्यातलं कळणारा आधी कोपराच उलटतो. ज्याला कळत नाही, त्याला माझं नाव कशाला हवंय?”