मधली मोकळी जागा

हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरच्या हौशी लोकांशी बोलायचं, खूळ माझ्या डोक्यात नुकतंच शिरलं होतं. अँटेनासाठी तांब्याची तार हवी होती, म्हणून माजलगावात पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या एका चाचांच्या दुकानात गेलो. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

टेबलावर त्यांनी स्वतः जुळवलेला रिसीव्हर होता. त्यावर दूरच्या गावांतली दोन माणसं गप्पा मारत होती.

"ह्येचा गुडगा लई दिसापासून दुकतोय," चाचांनी त्यातल्या एकाबद्दल घरच्या माणसाचं सांगावं तसं सांगितलं.

एकाचं बोलणं संपलं की दुसरा लगेच सुरू करत नसे. तिसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर जागा राहावी, हा या मंडळींचा रिवाज. त्या क्षणभराच्या शांततेत चाचा हातातली कॉइल खाली ठेवत, रिसीव्हरकडे वाकत आणि हळूच म्हणत, "मी पन हाय." त्या यंत्रातून नुसतं ऐकू येत होतं, त्यांचा आवाज कुठंच जाणार नव्हता.

"चाचा, परीक्षा देऊन बोलायचं लायसन कावून काढत न्हाई?" मी विचारलं.

तारेचं वेटोळं बांधता बांधता ते म्हणाले, "काडलं, बोललो, आन कोनीच जवाब दिला न्हाई तर? आता निदान वाटतंय तरी, ते माज्यासाठी थांबतेत."

पुढं मला लायसन मिळालं. पहिल्या सकाळी तासभर पुकारत राहिलो, कुणाचंच उत्तर आलं नाही. तरी प्रत्येक हाकेनंतर मी जरा जास्तच थांबलो. माजलगावात एका माणसाला कॉइल खाली ठेवून वाकायला तेवढा वेळ लागतो.