पंखाखालची नळी

लग्न होऊन आर्णीला आले तेव्हा आकाशात विमान दिसलं की मी झटकन डोक्यावर पदर घ्यायची. वरून परका माणूस बघतो म्हणून! एवढी माझी अक्कल. पायलटला जसा दुसरा धंदाच नव्हता, आर्णीची नवी सून पाहण्याशिवाय. ह्यांनी ते नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं. आणि म्हातारपणी ह्याच माणसानं कापसाच्या रिकाम्या गोदामात दोघांपुरतं विमान बांधायला घेतलं.

विमान होत आलं आणि ह्यांचे हात थरथरायला लागले. नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं आणि उडायचं नाही म्हणून सांगितलं. घरी येऊन हे एवढंच बोलले, "पुण्याचा एक पोरगा विमान घेतो म्हणते. सोमवारी ट्रक येते."

आता एकच काम उरलं होतं. पंखाखाली एक नळी बसवायची होती, बोटाएवढी जाड. तिच्या टोकाला दोन भोकं. समोरचं भोक वेग सांगतं. त्याच्या खालचं, तिरकं भोक पंख वाऱ्याला किती उचललाय ते सांगतं. फार उचलला तर विमान खाली कोसळतं. त्याआधी पायलटच्या कानाशी शिट्टी वाजते, ती ह्या नळीच्या जोरावर.

"बसवन की तो पोरगा," मी म्हटलं.

"अर्धं काम मी कोणाले देत नसतो."

पण ड्रिल पत्र्यावरून घसरलं. लांब ओरखडा पडला. ह्यांनी ड्रिल माझ्या हातात दिलं.

"ब्लाऊज शिवते ना तू? कर मंग."

"ब्लाऊजाले कोणी भोकं पाडते का?"

"तू शिवलेल्याले असतात."

मी हसले, हेही हसले. हात मात्र खिशातच ठेवले त्यांनी. स्टुलावर चढून मी भोकं पाडली, स्क्रू आवळले. नळीपासून पंखातून आत जाणाऱ्या दोन बारीक ट्यूबांची अदलाबदल होऊ नये म्हणून एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला हिरवा. खालून ह्यांचं चालूच, "डावीकडं घे वं. उलीशीक, जरासंच."

मग हवा गळते का ते पाहायचं होतं. मेडिकलातून आणलेली सिरिंज समोरच्या भोकाला जोडली.

"तोंडानं फुंकू नको, चूल नाही ते. वेगाचा काटा बिघडन."

हे आत चढून बसले. मागून मीच ढकललं. "दाब हळूहळू," म्हणाले. मी दाबत गेले.

"चढून राह्यला काटा... अजून... बस! इतक्या वेगावर उडते हे. आता धर तसंच."

काटा जागचा हलला नाही तर कुठं गळत नाही, असा हिशेब. दाराच्या काचेतून मला ते दिसत होते. काट्याकडं पाहतच नव्हते. समोर गोदामाचं शटर बंद, तिकडं नजर. विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला. आणि माझ्या डोक्यामागं पंखाची हलती पट्टी थरथरत होती. ह्यांच्या हातातली थरथर दांड्यातून तिथवर पोचली होती.

"गळत नाही," ते म्हणाले. "पक्कं बसलं. सोड आता."

सोडलं की काटा शून्यावर येणार होता.

"ऐकू नाही येऊन राह्यलं, अवो," मी ओरडले, अन् अंगठा तसाच दाबून धरला.

त्यांनी विमान उचलावं तसा दांडा हळूच आपल्याकडं ओढला.